तीन लिनक्स मशीन, एक डिस्क आणि कॉपी-ऑन-राइटवर टाकलेला भलताच भरवसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन लिनक्स मशीन आहेत, एका स्टोरेज बॉक्सवरून आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) एक मोठी डिस्क तिन्ही मशीनना दिसते, आणि त्या डिस्कवर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइल्स मांडायची व्यवस्था) टाकून ती तिन्हीकडे एकदम माउंट करायचीय, म्हणजे वापरायला जोडायचीय. दोन मशीन लिहिणार, तिसरं नुसतं वाचणार. व्हीएमच्या (आभासी मशीनच्या) मोठ्या इमेज आणि डेटासेट आहेत, त्यांच्या फुकटात, म्हणजे जादा जागा न खाणाऱ्या कॉपी हव्यात, स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) हवेत. आणि यामागचा तर्क असा, की या दोन्ही ज्या कॉपी-ऑन-राइट पद्धतीने चालतात तिच्यात जुन्या ब्लॉकवर कधी लिहिलंच जात नाही, बदल नव्या जागी जातो, मग दोघांनी एकदम लिहिलं तरी एकमेकांचं खराब कसं होईल?

तर्क ऐकायला इतका बरोबर वाटतो की भलेभले त्यात फसतात, म्हणून आधी त्यालाच हात घालतो. उत्तर एवढंच, की असं करू नका, एकदाही नको, "जरा करून बघतो" म्हणूनही नको.

का ते बघा. जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही हे खरं, पण मग नवीन ब्लॉक कुठे लिहितो? मोकळ्या जागेत. आणि मोकळी जागा कुठली हे कोण ठरवतं? त्या त्या मशीनचा कर्नल (लिनक्सचा गाभा), स्वतःच्या मेमरीत असलेल्या हिशोबावरून. पहिल्या मशीनला वाटतं अमुक ब्लॉक रिकामा आहे, तो तिथे तुमची फाइल ठेवतो. दुसऱ्या मशीनला हे कळायचा मार्गच नाही, कारण त्याने मोकळ्या जागेचा नकाशा माउंट करताना वाचला आणि तेव्हापासून तो स्वतःच सांभाळतोय, त्याच्या मते तो ब्लॉक अजून रिकामाच, तो तिथे आपलं काहीतरी लिहून मोकळा होतो. म्हणजे "ओव्हरराइट होत नाही" ही हमी फक्त त्या एका कर्नलला जे वापरात आहे असं माहीत आहे तेवढ्यापुरतीच आहे. आणि कॉपी-ऑन-राइटवाला कर्नल प्रत्येक छोट्या बदलाला नवीन जागा शोधतो, मेटाडेटाच्या, म्हणजे काय कुठे ठेवलंय त्या नोंदींच्या, झाडातले पानापासून मुळापर्यंतचे सगळे ब्लॉक नव्याने लिहितो, त्यामुळे दोघांची टक्कर व्हायची शक्यता ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची, जागच्या जागी लिहिणारी फाइलसिस्टीम) पेक्षा कितीतरी जास्त. शेवटी मुळाचा पॉइंटर बदलायची वेळ येते, म्हणजे बीटीआरएफएसमध्ये सुपरब्लॉक आणि झेडएफएसमध्ये उबरब्लॉक, तिथे ज्याने शेवटी लिहिलं त्याचं झाड खरं, दुसऱ्याचं काम हवेत गेलं, आणि जे झाड खरं ठरलं त्याच्याही अर्ध्या फांद्यांवर दुसऱ्याने लिहून ठेवलेलं असतं.

लक्षणं ठरलेली असतात. बीटीआरएफएसमध्ये कर्नल लॉगमध्ये "पॅरेंट ट्रान्सिड व्हेरिफाय फेल्ड" यायला लागतं. म्हणजे वरच्या नोडला खाली ज्या जनरेशनचा ब्लॉक असायला हवा होता त्याऐवजी भलत्याच जनरेशनचा सापडला. मग फाइलसिस्टीम स्वतःला रीड-ओन्ली करून घेते आणि पुढच्या माउंटला बहुतेक वेळा उठतच नाही. झेडएफएसमध्ये चेकसम (डेटा शाबूत आहे का ते पडताळायचा आकडा) एरर वाढत जातात, आणि एक दिवस पूल (झेडएफएसचा डिस्कांचा गट) इम्पोर्ट होत नाही, म्हणजे उघडतच नाही. ईएक्सटी४ चं असं झालं तर एफएससीके (फाइलसिस्टीम दुरुस्तीची कमांड) मारून निदान काही फाइल्स लॉस्ट-फाउंडमध्ये तरी मिळतात, झेडएफएसला त्या अर्थाने एफएससीके नाहीच. त्यात मागच्या ट्रान्झॅक्शनवर जायची सोय आहे, पण ती मागची ट्रान्झॅक्शनं शाबूत आहेत या गृहीतकावर, आणि दुसऱ्या मशीनने नेमकी तीच जागा वापरलेली असते.

"बरं मग तिसरं मशीन तर नुसतं वाचणारच आहे, ते तरी रीड-ओन्ली माउंट करू?" तेही नाही. वाचणाऱ्याने मेटाडेटा कॅशमध्ये ठेवलाय, तिकडे लिहिणाऱ्याने फाइल डिलीट केली, ती जागा मोकळी झाली, तिथे दुसरं काही आलं, आणि वाचणारा जुन्या पत्त्यावर जाऊन तिसराच डेटा उचलतो. नशीब चांगलं असेल तर चेकसम पकडतो आणि एरर येतो. आणि रीड-ओन्ली माउंट म्हणजे डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही असंही नसतं बरं का, ईएक्सटी४ जर्नल आणि बीटीआरएफएस ट्री-लॉग रीप्ले करतात आणि त्यासाठी रीड-ओन्ली माउंटमध्येही डिस्कवर लिहितात, लॉग रीप्ले बंद करायचा वेगळा ऑप्शन द्यावा लागतो.

थोडक्यात कॉपी-ऑन-राइट तुम्हाला वाचवतं ते लाइट जाण्यापासून, मध्येच क्रॅश होण्यापासून, स्वतःच्याच हाताने फाइल उडवण्यापासून. दुसऱ्या लिहिणाऱ्यापासून नाही. ते काम लॉकिंगचं आहे आणि या फाइलसिस्टीममध्ये मशीन-मशीनमधलं लॉकिंग नाहीच.

झेडएफएसमध्ये निदान अडसर आहे. पूलमध्ये शेवटच्या वापरकर्त्या मशीनचा होस्टआयडी (ओळख क्रमांक) लिहिलेला असतो, आणि एक्स्पोर्ट न करता (म्हणजे पहिल्या मशीनने तो रीतसर सोडल्याशिवाय) दुसरीकडे इम्पोर्ट करायला गेलात तर तो नाही म्हणतो. पण सगळ्यांना फोर्सचा फ्लॅग पाठ असतो आणि हात आपोआप तो टाइप करतो, तिथे सगळं संपतं. त्याच्यापेक्षा पक्का उपाय म्हणजे पूलची मल्टीहोस्ट प्रॉपर्टी चालू करणं. मग ज्याच्याकडे पूल आहे तो ठराविक वेळाने डिस्कवर आपली खूण लिहीत राहतो आणि इम्पोर्ट करणारा आधी थोडा वेळ थांबून ती खूण हलतेय का ते बघतो, हलत असेल तर फोर्स देऊनही इम्पोर्ट होत नाही. ही प्रॉपर्टी मुळात बंद असते. आणि ती चालायला प्रत्येक मशीनचा होस्टआयडी वेगळा लागतो, एकाच टेम्प्लेटवरून तीन मशीन क्लोन केली असतील तर तिघांचा होस्टआयडी एकच निघू शकतो, तेव्हा झेडजेनहोस्टआयडी चालवून तो आधी वेगळा करून घ्या. बीटीआरएफएसमध्ये असला काहीच पहारा नाही, तो निमूटपणे तिन्हीकडे माउंट होतो आणि पहिली काही मिनिटं सगळं छान चालल्यासारखं दिसतं, तेच तर वाईट.

मग खरंच एक डिस्क अनेक मशीनना एकदम देणाऱ्या फाइलसिस्टीम नाहीत का? आहेत, जीएफएस२ आणि ओसीएफएस२ ही दोन नावं लिनक्सवर आहेत. दोन्हीत डिस्ट्रिब्युटेड लॉक मॅनेजर असतो, कुठलाही ब्लॉक हात लावायच्या आधी नेटवर्कवर विचारावं लागतं. त्यातही ओसीएफएस२ मध्ये रीफलिंक (ब्लॉक शेअर करणारी फाइलची फुकट कॉपी) आहे, २००९ च्या २.६.३२ कर्नलपासून, म्हणजे तुम्ही जे मागताय त्याच्या सगळ्यात जवळचं हेच. पण फाइलपुरतं, पूर्ण फाइलसिस्टीमचा स्नॅपशॉट नाही, तुमच्या डेटाला चेकसम नाही. आणि त्यासोबत कोरम (निम्म्याहून जास्त मशीन हजर असण्याची अट) आलं, फेन्सिंग आलं, म्हणजे एखादं मशीन गप्प झालं तर उरलेल्यांनी त्याची पॉवर कापायची व्यवस्था. नेटवर्क जरा अडखळलं की चांगलं चाललेलं मशीन रीबूट होतं. तीन मशीनसाठी हा संसार थाटलात तर महिनाभरात भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी येईल. डेटाबेस क्लस्टरसारखी खास गरज असेल तर वेगळी गोष्ट, इथे ती दिसत नाही.

तर करायचं काय? डिस्कचा मालक एकच मशीन. बाकीच्यांनी त्याच्याकडे एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल्स वाटायची पद्धत) मागायचं. कॉपी-ऑन-राइटचे सगळे फायदे त्या मालक मशीनवर मिळतात आणि बरेचसे एनएफएसमधून पुढेही जातात. स्टोरेज बॉक्सच्या टार्गेटवर त्या डिस्कला फक्त एकाच इनिशिएटरची (जोडणाऱ्या मशीनची) परवानगी ठेवा, उरलेल्या दोघांची काढून टाका, नुसतं "आम्ही माउंट करणार नाही" असं ठरवून चालत नाही, कारण कधीतरी कोणीतरी नवीन माणूस येतो, त्याला रिकामी डिस्क दिसते आणि तो ती फॉरमॅट करतो.

आणि त्या बॉक्सवरच लिनक्स चालत असेल तर आयस्कझी मधे घालूच नका, डिस्का थेट झेडएफएसला द्या. रेड कंट्रोलरने (अनेक डिस्का जोडून एकच दाखवणारं कार्ड) बनवलेल्या एका मोठ्या डिस्कवर झेडएफएस टाकलं तर खराब ब्लॉक तो पकडतो, पण दुरुस्त करायला त्याच्याकडे डेटाची दुसरी प्रत नसते, मेटाडेटाच्या तेवढ्या तो आपणहून जास्त प्रती ठेवतो. स्वतः मिरर केलेल्या डिस्का असतील तर चेकसम जुळला नाही की दुसऱ्या डिस्कवरून बरोबर प्रत घेऊन जागच्या जागी दुरुस्त करतो, ज्याच्यासाठी आपण हे सगळं घेतो तेच रेड कंट्रोलर मधे आला की हातचं जातं.

आता कुठली फाइलसिस्टीम. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत बनली, २००५ मध्ये ओपनसोलारिसबरोबर तिचा कोड खुला झाला, लायसन्स सीडीडीएल असल्यामुळे लिनक्स कर्नलच्या आत कधी आली नाही, बाहेरून मॉड्यूल म्हणून लावावी लागते. बीटीआरएफएस ख्रिस मेसनने ओरॅकलमध्ये असताना २००७ मध्ये सुरू केली, २००९ मध्ये २.६.२९ कर्नलमध्ये आली, फेडोरा वर्कस्टेशनने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीत ती डिफॉल्ट केली, तर रेड हॅटने आपल्या एंटरप्राइझ लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली, म्हणजे मोठ्यांचंही एकमत नाही. एक्सएफएस मुळात कॉपी-ऑन-राइट नाही, पण तिच्यात रीफलिंक आहे, शेअर झालेल्या ब्लॉकवर लिहिलं तरच नवीन जागा घेते, बाकी नेहमीसारखी जागच्या जागी. बीकॅशएफएस ६.७ कर्नलमध्ये आली आणि ६.१८ मध्ये बाहेरही गेली, तिच्यावर तीन मशीनचा डेटा ठेवायला मी कोणाला सांगणार नाही.

माझं मत विचाराल तर व्हीएम इमेज आणि एनएफएस हे दोन शब्द प्रश्नात आले की मी झेडएफएस घेतो. दोन डिस्कांचा साधा मिरर आणि मुख्यतः मोठ्या फाइल्सचा डेटासेट असेल तर बीटीआरएफएसही चालते, फक्त तिच्या रेड ५ आणि ६ च्या नादी लागू नका, तिथला राइट-होलचा (लिहिताना मध्येच लाइट गेली की डेटा विसंगत होण्याचा) प्रश्न तिच्या डेव्हलपरांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेला आहे. आणि स्नॅपशॉट नको, चेकसम नको, नुसत्या स्वस्त कॉपी हव्यात, तर एक्सएफएस, डोक्याला ताप नाही.

एनएफएसवर आलात की पहिली बोंब ही येते: सर्व्हरवर फोल्डर भरलेलं आहे आणि क्लायंटवर रिकामं दिसतं. झेडएफएसमध्ये प्रत्येक डेटासेट ही वेगळी फाइलसिस्टीम असते. तुम्ही एनएफएसवर "टँक" हा वरचा डेटासेट एक्स्पोर्ट केलात, म्हणजे वाटायला दिलात, आणि त्याच्या आत "इमेजेस" हा वेगळा डेटासेट असला तर क्लायंटला त्याच्या जागी मागचं रिकामं फोल्डर दिसतं. डेटा गेला म्हणून लोक घाबरतात, आणि काही जण तर त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहायला लागतात, ते लिहिलेलं मग वरच्या "टँक" डेटासेटमध्ये जातं आणि सर्व्हरवरून माउंटखाली झाकलं जातं, म्हणजे दोन्हीकडून शोधाशोध. एक्स्पोर्टला क्रॉसमाउंटचा ऑप्शन द्या, किंवा झेडएफएसची शेअरएनएफएस प्रॉपर्टी वरच्या डेटासेटवर लावा म्हणजे खालचे ती वारशाने घेतात.

बीटीआरएफएसची तऱ्हा वेगळी. तिथे सबव्हॉल्यूम (फाइलसिस्टीमच्या आतले स्वतंत्र भाग) एक्स्पोर्टच्या आत आपोआप दिसतात, पण प्रत्येक सबव्हॉल्यूमच्या मुळाचा आयनोड नंबर (फाइल-फोल्डरचा आतला क्रमांक) २५६ च असतो. सर्व्हरवर डिव्हाइस नंबर वेगळा दाखवून हे निभावतं, एनएफएसमधून तो फरक पुसला जातो. मग क्लायंटवर फाइंड चालवलं की "फाइलसिस्टीम लूप" म्हणून कुरकुर करतं आणि सबव्हॉल्यूमच्या आत जातच नाही, आणि फाइंडसारख्याच पद्धतीने झाड चालणारं बॅकअप टूल असेल तर ते गुपचूप फोल्डर गाळू शकतं. उपाय म्हणजे प्रत्येक सबव्हॉल्यूम वेगळं एक्स्पोर्ट करा, प्रत्येकाला वेगळा एफएसआयडी (एक्स्पोर्टचा ओळख क्रमांक) द्या, आणि स्नॅपशॉटचं फोल्डर एक्स्पोर्टच्या बाहेर ठेवा. आणि हेही लक्षात असू द्या, की बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट आतल्या सबव्हॉल्यूमपर्यंत जात नाही, स्नॅपशॉटमध्ये त्यांच्या जागी रिकामं फोल्डर असतं, झेडएफएसला निदान खालपर्यंत सगळे एकाच क्षणी घ्यायचा फ्लॅग आहे.

आता फुकटातल्या कॉपीबद्दल, कारण तुमचा खरा रस तिथे आहे. क्लायंटवर बसून शंभर जीबीच्या इमेजची कॉपी केली तर साध्या पद्धतीत सगळे शंभर जीबी नेटवर्कवरून क्लायंटकडे येतात आणि परत सर्व्हरकडे जातात. एनएफएस ४.२ मध्ये, आरएफसी ७८६२, २०१६, क्लोन नावाचं ऑपरेशन आहे. क्लायंट सर्व्हरला म्हणतो, ही फाइल त्या नावाने क्लोन कर, आणि खाली बीटीआरएफएस किंवा रीफलिंकवाली एक्सएफएस असली तर सर्व्हर नुसते पॉइंटर लिहून क्षणात मोकळा होतो. कोअरयुटिल्स ९.० पासून सीपी कमांड हे आपणहून करून बघते, त्याआधीच्या आवृत्तीत रीफलिंकचा ऑप्शन स्वतः द्यावा लागतो. पण माउंट खरंच ४.२ वर झालंय का ते एनएफएसस्टॅटने बघून घ्या, कारण क्लायंट आणि सर्व्हर आपसात ठरवून खालच्या आवृत्तीवर उतरतात आणि सीपी तक्रार न करता पूर्ण कॉपी करते. एक्स्पोर्ट दोन वेगळी असतील तर क्लोन होत नाही, तेव्हा इमेज आणि तिच्या कॉपी एकाच एक्स्पोर्टखाली ठेवा. तपासायचं असेल तर सीपीला रीफलिंक "ऑलवेज" सांगा, मग जमलं नाही तर ती सरळ एरर देते, आणि सर्व्हरवर फाइलफ्रॅगच्या तपशिलात एक्स्टेंटपुढे (सलग ब्लॉकच्या तुकड्यापुढे) "शेअर्ड" लिहिलेलं दिसायला हवं.

झेडएफएसमध्ये फाइल पातळीवरचं ब्लॉक क्लोनिंग २०२३ मध्ये २.२ आवृत्तीत आलं, आणि त्याच सुमारास डेटा खराब होण्याचा एक बग सापडला. आधी संशय क्लोनिंगवर गेला म्हणून २.२.१ मध्ये ते बंद केलं, मग कळलं की मूळ चूक कोडमध्ये आधीपासूनचीच होती, आणि २.२.२ मध्ये ती दुरुस्त झाली. तेव्हा २.२.० वर अजून कोणी असेल तर आधी अपडेट करा. झेडएफएसवर मी फाइल क्लोनपेक्षा डेटासेट क्लोनवरच जास्त भिस्त ठेवतो: गोल्डन इमेज (साचा म्हणून तयार केलेली इमेज) एका डेटासेटमध्ये, तिचा स्नॅपशॉट, आणि प्रत्येक मशीनसाठी त्या स्नॅपशॉटचा क्लोन. क्लोन जिवंत आहे तोपर्यंत मूळ स्नॅपशॉट डिलीट होत नाही एवढं ध्यानात ठेवायचं.

आणि हेच झेडव्हॉलने (झेडएफएसमधली आभासी डिस्क) केलं तर आयस्कझीची हौसही नीट भागते. सर्व्हरवर एक झेडव्हॉल, त्याचा स्नॅपशॉट, तीन क्लोन, प्रत्येक मशीनला त्याचा स्वतःचा क्लोन आयस्कझीवरून, त्यावर कोणी ईएक्सटी४ टाको की एक्सएफएस. डिस्कची जागा शेअर झाली, ब्लॉक शेअर झाले, पण एका लनला (आयस्कझीवर दिसणाऱ्या एका डिस्कला) मालक एकच, म्हणून वरची भानगड उद्भवत नाही. फक्त एकाच गोल्डन इमेजचे दोन क्लोन एकाच मशीनला दाखवू नका, यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा ओळख क्रमांक) सारखाच असतो, आणि आत बीटीआरएफएस असेल तर ती डिव्हाइस यूयूआयडीवरूनच ओळखते, कुठल्या डिस्कवर लिहायचं याचा तिचा गोंधळ होऊन दोन्हींची वाट लागू शकते.

सिंकचं प्रकरण. एनएफएस क्लायंट जेव्हा कमिट मागतो तेव्हा सर्व्हरने डेटा खरंच डिस्कवर टाकूनच हो म्हणायचं असतं. झेडएफएसमध्ये हे इंटेंट लॉगमधून (असं लिखाण आधी झटपट नोंदायची वही) जातं आणि फिरत्या डिस्कांवर ते भयंकर हळू वाटतं. मग कोणीतरी सुचवतं की सिंक प्रॉपर्टी डिसेबल्ड करा, वेग दहापट होतो. होतो ना, कारण सर्व्हर आता खोटं बोलतोय. सर्व्हर पडला तर शेवटची काही सेकंदं जातात, ट्रान्झॅक्शन ग्रुप (मेमरीत जमलेल्या लिखाणाचा गठ्ठा) साधारण ५ सेकंदांनी डिस्कवर उतरतो. पूल स्वतः शाबूत राहतो म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही, पण क्लायंटवरच्या व्हीएममधल्या फाइलसिस्टीमला सांगितलं गेलंय की तिचं जर्नल डिस्कवर आहे आणि ते नाहीये, त्या व्हीएमच्या आतली नासाडी नंतर दिसते. एनएफएस एक्स्पोर्टचा एसिंक ऑप्शनही याच जातीचा. पुन्हा करता येणारा डेटा असेल, म्हणजे बिल्डचं आउटपुट वगैरे, तर खुशाल वापरा. व्हीएमला वापरू नका, त्यापेक्षा पॉवर गेल्यावरही डेटा धरून ठेवणारी एक एसएसडी लॉग डिव्हाइस म्हणून लावा. ती छोटी चालते, पण कपॅसिटरवालीच हवी, साधी घेतलीत तर एक तर वेग मिळणार नाही नाहीतर भरवसा. आणि ती फक्त सिंक राइटना लागते, राइट कॅशे नाही ती.

व्हीएम इमेजमध्ये रँडम राइट असतात आणि कॉपी-ऑन-राइट म्हणजे प्रत्येक राइट नवीन जागी, त्यामुळे इमेजचे तुकडे तुकडे होतात. बीटीआरएफएसमध्ये लोक फोल्डरला चॅटर कमांडने नो-काऊचा (कॉपी-ऑन-राइट बंद करणारा) फ्लॅग लावतात. तो रिकाम्या फोल्डरलाच लावायचा, म्हणजे नंतर आत बनणाऱ्या फाइल्सना लागू होतो, भरलेल्या फाइलला लावून उपयोग नाही, आणि सर्व्हरवरूनच लावायचा, एनएफएस क्लायंटवरून लागत नाही. पण त्याची किंमत मोठी आहे, त्या फाइल्सचा चेकसम जातो, कॉम्प्रेशन जातं, आणि मिररच्या दोन प्रती वेगळ्या झाल्या तर कुठली खरी हे सांगायला कोणी उरत नाही. मग बीटीआरएफएस घेतलीच कशाला, हा प्रश्न मला तरी पडतो. झेडएफएसमध्ये रेकॉर्डसाइज (फाइलच्या एका ब्लॉकचा कमाल आकार) डिफॉल्ट १२८ केबी असतो, व्हीएमसाठी १६ किंवा ३२ केबी करा, इमेज टाकायच्या आधी, कारण आधीच्या फाइल्सना बदल लागू होत नाही.

स्नॅपशॉटमधली एक बारीक गोष्ट जवळजवळ सगळ्यांची राहून जाते. स्नॅपशॉट सर्व्हरवर होतो, आणि क्लायंटने लिहिलेलं पण अजून क्लायंटच्याच कॅशमध्ये पडलेलं त्यात नसतं. एनएफएसमध्ये फाइल बंद करताना किंवा एफसिंकला (प्रोग्रॅमने "आत्ताच लिही" सांगितल्यावर) डेटा सर्व्हरकडे जाण्याची हमी, मधल्या काळात नाही. म्हणजे दहा वाजताचा स्नॅपशॉट क्लायंटच्या दृष्टीने दहा वाजताचा नसू शकतो. म्हणून स्नॅपशॉट घेणारी स्क्रिप्ट आधी क्लायंटवर सिंक चालवू दे, व्हीएम असेल तर आतली फाइलसिस्टीम क्षणभर फ्रीझ करून मग स्नॅपशॉट, आणि डेटाबेस असेल तर त्याला त्याच्या पद्धतीने सांगून. आणि क्लायंट चालू असताना सर्व्हरवर रोलबॅक करू नका, क्लायंटकडचे फाइल हँडल शिळे होतात आणि "स्टेल फाइल हँडल" म्हणत प्रोसेस पडतात. हवी ती फाइल डेटासेटच्या मुळाशी असलेल्या लपलेल्या डॉट-झेडएफएस फोल्डरमधल्या स्नॅपशॉटमधून कॉपी करून घ्या, ते एनएफएसवरूनही उघडतं. परमिशनचाही विचार करा जाता जाता, आज एखादी फाइल तुम्ही सगळ्यांपासून लपवलीत तरी कालच्या स्नॅपशॉटमध्ये ती कालच्याच परमिशनने पडलेली असते आणि कोणीही वाचू शकतं.

तिसऱ्या मशीनबद्दल, जे नुसतं वाचतं. त्याला अगदी त्याच सेकंदाचा डेटा हवाय का? तासाभराचा जुना चालत असेल तर एनएफएस सोडा, सेंड आणि रिसीव्ह वापरा. सर्व्हरवर तासाला स्नॅपशॉट, मागच्या स्नॅपशॉटपासूनचा फरक एसएसएचवरून तिसऱ्याकडे, तिथे स्वतःच्या डिस्कवर पूर्ण फाइलसिस्टीम तयार. वाचणं लोकल वेगाने, सर्व्हर बंद असला तरी काम चालू, आणि वर एक प्रत आपोआप दुसरीकडे. फाइल्सची यादी करत बसायला लागत नाही, आरसिंकसारखं लाखो फाइल्स चाळणं नाही, कुठले ब्लॉक बदलले ते फाइलसिस्टीमला आधीच माहीत असतं. हाताने करण्यापेक्षा झेडएफएसला सिंकॉइड आणि बीटीआरएफएसला बीटीआरबीके ही टूल्स लावा.

इथे गाडं अडतं ते बहुधा दोन ठिकाणी. झेडएफएसमध्ये रिसीव्ह एक दिवस म्हणतं, शेवटच्या स्नॅपशॉटनंतर डेस्टिनेशन बदललंय. तुम्ही शपथेवर सांगता की कोणी हात लावला नाही. लावलेला असतो, कोणीतरी फाइल वाचली आणि ॲक्सेस टाइम बदलला, तेवढंही बदल म्हणून धरलं जातं. घेणाऱ्या बाजूला रीड-ओन्ली प्रॉपर्टी चालू ठेवा, प्रश्न मिटला. दुसरं, जागा मोकळी करायच्या नादात दोन्हीकडे असलेला सामाईक स्नॅपशॉट कोणीतरी उडवतो आणि फरक पाठवायला आधारच राहत नाही, पुन्हा पहिल्यापासून सगळं पाठवा. झेडएफएसमध्ये पाठवणाऱ्या बाजूला स्नॅपशॉटचा बुकमार्क करून ठेवता येतो, तो जागा खात नाही आणि स्नॅपशॉट गेला तरी तिथून फरक काढता येतो. बीटीआरएफएसमध्ये स्नॅपशॉट रीड-ओन्लीच लागतो, आणि आलेला स्नॅपशॉट लिहिण्याजोगा करून वापरायला घेऊ नका, साखळी बिघडते, लिहायचं असेल तर त्याचा वेगळा स्नॅपशॉट काढून त्यात लिहा.

सेफ (Ceph) ही प्रणाली, म्हणजे अनेक मशीनवर डेटा वाटून ठेवणारं खरं डिस्ट्रिब्युटेड स्टोरेज, तुम्ही विचारली नाहीत पण कोणीतरी सुचवेलच. तिच्यात आरबीडीचे (तिच्यावरच्या आभासी डिस्कांचे) कॉपी-ऑन-राइट क्लोन आहेत, सेफएफएसला (तिच्या फाइलसिस्टीमला) स्नॅपशॉट आहेत, आणि एक मशीन मेलं तरी काम चालू राहतं. पण तीन मशीन ही तिची किमान पायरी आहे, एक बंद झालं की तिसरी प्रत ठेवायला जागाच नाही. एका सर्व्हरच्या मरणाने तुमचं खरंच नुकसान होत असेल तरच तिकडे बघा.

जागेचं सांगून थांबतो. डिलीट केलं तरी डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मध्ये जागा वाढत नाही, कारण स्नॅपशॉटने ब्लॉक धरून ठेवलेत, हे तिन्ही मशीनवरच्या लोकांना आधीच सांगून ठेवा नाहीतर रोज विचारणा येईल. पूल ८० टक्क्यांच्या वर गेला की सावध व्हा, मोकळी सलग जागा शोधण्यातच वेळ जातो आणि लिहिणं रखडतं. झेडएफएस थोडी जागा स्वतःसाठी राखून ठेवते म्हणून भरल्यावरही निदान डिलीट करता येतं. बीटीआरएफएसमध्ये डेटा आणि मेटाडेटाचे कप्पे वेगळे असतात, डीएफ जागा दाखवतं पण मेटाडेटाचा कप्पा भरला आणि नवीन कप्पा काढायला जागा नाही म्हणून "जागा शिल्लक नाही" येतं, तेव्हा अर्धवट भरलेले डेटाचे कप्पे बॅलन्सने एकत्र करावे लागतात, वापराचा फिल्टर छोट्या आकड्यापासून लावत. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसम तपासणं) लावा आणि त्याचा निकाल मेलवर येईल असं बघा. सर्व्हरवर झेडएफएस असेल तर कर्नल अपडेटच्या आधी नवीन कर्नलला मॉड्यूल बिल्ड होतंय ना ते तपासा, आणि अपडेटनंतर झेडपूल स्टेटस "पूल अपग्रेड करा" म्हणतं तिकडे लगेच जाऊ नका, नवीन फीचर एकदा चालू केलं की सहसा परत बंद होत नाही, आणि उद्या त्याच डिस्का जुन्या आवृत्तीच्या मशीनवर लावायची वेळ आली तर ते पूल उघडणारच नाही.